इर्जिकीला मजुरी

आईच्या नावावर दर महिन्याला सरकारचे पैसे यायला लागले, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी बदलला तो चहा. त्याआधी आमचा चहा म्हणजे गुळाचं गरम पाणी, चहापूड नावाला, आणि दूध असलंच तर ते आप्पांच्या कपात. आप्पा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्याला वलवणच्या बाजूला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. उजाडायच्या आत घरातून निघायचं, कामशेतला लोकल धरायची, दिवसभर दुसऱ्याची बाग फुलवायची आणि दिवेलागणीला परत. त्यांच्या पोटात दूध गेलंच पाहिजे, असं आईचं म्हणणं. अशात एका सकाळी तिनं माझ्यापुढं कप ठेवला आणि त्यात दूध होतं. मी म्हटलं, "ह्यो आप्पांचा दिसतोय." तर म्हणाली, "गप पी. इचारू नको." स्वतःच्या कपातही तिनं दूध ओतलं होतं, आणि भिंतीकडं तोंड करून ती तो चहा प्याली. अगं बाई, स्वतःच्या पैशाचा चहा, आणि प्यायचा कसा, तर चोरून!

आमचं घर कामशेतहून पवनेकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, वाडीच्या टोकाला. दोन खोल्या, वर पत्रा, मागं चूल. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि लांबून येणारा गाडीचा भोंगा, या दोन आवाजांवर मी उठत आले. घरातला पैसा म्हणजे आप्पांचा खुंटीवरचा सदरा. खिशात हात घालायची मुभा आईला नव्हती असं नाही, पण तिनं कधी घातला नाही. ती मागायची. आणि आप्पा द्यायचेही, नाही म्हणून कधी म्हणाले नाहीत, माझा बाप वाईट नव्हताच मुळी, पण देण्याआधी एक शब्द विचारायचे, "कशाला?" त्या 'कशाला'ला उत्तर द्यावं लागायचं. आता बायकांच्या कितीतरी गोष्टी अशा असतात की त्या नवऱ्याला सांगताना जीभ टाळ्याला चिकटते. मला दर महिन्याला जे लागायला लागलं होतं ते दुकानातून आणायचं, तर आई सांगायची, "मीठ संपलंय." आप्पांच्या हिशेबानं आमच्या घरात समुद्र रिकामा होत असेल. त्यांनी कधी डब्यात बघितलं नाही, हे आमचं नशीब.

पैसे यायचे आईच्या खात्यात, पण खबर यायची आप्पांच्या फोनवर, कारण घरात फोन तो एकच. वलवणला झाडांना पाणी घालता घालता त्यांच्या खिशात टिंग वाजायचं आणि संध्याकाळी चपला काढतानाच ते म्हणायचे, "आलं गं तुजं." तो 'तुजं' ते जरा लांबवायचे. एकदाच त्यांनी बिडीकाडीला पैसे मागून बघितले. आई चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "कशाला?" आणि माझ्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं असावं, की हा शब्द कानाला कसा लागतो. दोघंही हसायला लागले. मी सगळ्यात जोरात हसले, म्हणून लाटण्याचा प्रसाद मला मिळाला.

पैसे काढायला गावात एक ताई अंगठ्याचं मशीन घेऊन बसायची. त्या मशीनला आईचा अंगठा पटायचा नाही. राखेनं भांडी घासून आणि चिखलात रोपं लावून तिच्या बोटांच्या रेघा पुसट झालेल्या. रांगेत मागं सोना मावशी उभी असायची. सोना मावशी ही काही माझ्या आईची बहीण नव्हे, ती सगळ्या वाडीचीच मावशी. आणि मावशी कसली, हवालदार! लग्न, बारसं, लावणी, भांडण, तिच्या शब्दाबाहेर काही व्हायचं नाही. ती ओरडायची, "कमळे, आंगठा पुस, जरा खोबरेल लाव, मग टेकव! सरकार काय तुला वळकत न्हाई व्हय?" पैसे सगळ्याच घरांतल्या बायकांना येत होते. त्या रांगेत जेवढं हसणं व्हायचं तेवढं मी वाडीत दुसरीकडं कुठं ऐकलं नाही.

मागे, म्हणजे आता माझे केस पिकल्यावर, शहरातली एक शिकलेली पोर माझ्याकडं आली होती. कसलासा अभ्यास करत होती. म्हणाली, "आजी, त्या पैशांनी तुमच्या आईच्या आयुष्यात काय फरक पडला? कशावर खर्च केले त्यांनी?" भली पोर होती बिचारी, पण पुन्हा तेच, 'कशाला?' मी म्हटलं, "बाळा, बस, चहा घे. दूध घातलंय." आणि तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे.

लावणीच्या थोडं आधीची गोष्ट. आई मला म्हणाली, "आज साळा नको. कामशेतला जायाचं." मला वाटलं बाजार. स्टेशनजवळच्या हॉटेलात तिनं मला बसवलं आणि दोन प्लेट भजी सांगितली. माझी आई हॉटेलात बसलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती, तीही बहुतेक पहिल्यांदाच बसली असावी, कारण पाण्याचा ग्लास उचलायच्या आधी तिनं पोऱ्याला विचारलं, "ह्याचं बी पैसं पडत्यात का?" मला हसू आवरेना. तिनं एक भजं खाल्लं, बाकीची माझ्याकडं सरकवली, आणि म्हणाली, "सुमे, आता जिथं जातोय त्येचं नाव घरात काडायचं न्हाई. माजी शपथ हाय." तोंडातलं भजं तसंच राहिलं माझ्या.

आम्ही लोकलनं घोरावाडीला उतरलो आणि चालत एका दवाखान्यात गेलो. आई वाटेत दोनदा थांबली, पोटाखाली हात धरून उभी राहिली. तेव्हा कुठं मला दिसायला लागलं, की ती गेलं वर्षभर अशीच चालते आहे. हंडा डोक्यावर घेताना ओठ चावते, बसली की चटकन उठत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूसच आपल्याला दिसत नाही बघा. आत डॉक्टरीणबाई होत्या. पडद्याआडून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आईचं अंग, म्हणजे पिशवी, बाहेर येत होतं. बाळंतपणानंतर लगेच कामाला लागलं, ओझी उचलली, की बायकांचं होतं तसं. माझ्याच बाळंतपणापासूनचं ते दुखणं, म्हणजे माझ्याएवढ्याच वयाचं! ऑपरेशन करावं लागेल, असं बाई म्हणाल्या. श्रावण लागायच्या आधीची तारीख दिली आणि बजावलं, "तोवर ओझं नाही, आणि चिखलात ओणवं तर अजिबात राहायचं नाही. लावणीला गेलात तर हे वाढेल, मग माझ्याही हाताबाहेर जाईल."

परतताना गाडीत मी विचारलं, "आप्पांना का न्हाई सांगत?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगंन. तारीख जवळ आली की सांगंन." मग थोड्या वेळानं, जणू स्वतःलाच, "तिकिटाचं पैसं कुनाला मागायला लागलं न्हाईत, म्हनून तरी आले."

आता इर्जिकीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या वाडीत भाताची लावणी इर्जिकीनं व्हायची. आज तुझ्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या. प्रत्येक घरातून एक धडधाकट माणूस यायचं, पोरीसोरी धरायच्या नाहीत. ज्याचं खाचर त्यानं पोटभर जेवू घालायचं, आणि मग सगळ्यांच्या खाचरात जाऊन आपली पाळी फेडायची. चिखल करणं पुरुषांचं, रोप लावणं बायकांचं. पैशाचं नाव नाही. मजुरी देऊन लावणी करून घ्यायची ती रस्त्याकडेच्या मोठ्या बागायतदारांनी. त्यांच्याकडं गडी लांबून यायचे आणि त्यांना जेवण द्यायचं की नाही यावर मालक भाव करायचे. आम्ही गरीब होतो, पण एकमेकींचे मजूर नव्हतो.

त्या वर्षी आमची पाळी सगळ्यांच्या आधी आली. दोन खाचरं, दोन दिवसांचं काम. आई चिखलात उतरली नाही. बांधाकडंला तीन दगडांवर आमटी शिजवत बसली. ओळीतून एकीनं टोमणा मारला, "आज कमळी मालकीन झाली गं!" सगळ्या हसल्या, आईही हसली. वरचं खाचर झालं, खालच्याची रोपंसुद्धा उपटून, जुड्या बांधून पाण्यात ठेवली. मग जेवणं. तांदळाची भाकरी, मसुराची आमटी, सुक्या बोंबलाचं कालवण. बायका हात धुऊन उठायला लागल्या, तशी आईनं कमरेची पिशवी सोडली. कालच ती मशीनवर जाऊन आली होती. प्रत्येकीच्या हातावर तिनं दिवसाची मजुरी ठेवली. बाजारात देतात तेवढी, रुपया कमी नाही.

तिचा हिशेब सरळ होता. ह्या आज माझ्याकडं राबल्या, यांच्या पाळीला मी दवाखान्यात असणार. कुणाचे कष्ट अंगावर ठेवून ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं नाही. उठलेच नाही तर? हे 'उठलेच नाही तर' तिनं मला खूप नंतर सांगितलं. कारण सांगायचं नव्हतं, म्हणून पैसे दिले. माझी आई सगळ्यात प्रामाणिक बाई, आणि प्रामाणिकपणापायीच तिनं असली घोडचूक केली.

सोना मावशीनं हातावरच्या नोटांकडं बघितलं, मग आईकडं. "ह्ये काय गं?"

"असू द्या मावशी. दिसभर राबलात."

"राबलो म्हंजी? आमी तुज्याकडं मजुरीला आलतो?"

"तसं न्हाई. मला पुडं जमायचं न्हाई, म्हनून..."

"का जमायचं न्हाई? काय झालं तुला?"

तोंडात आलेलं आईनं गिळलं, ते मी बघितलं. मावशीनं नोटा रिकाम्या ताटात ठेवल्या. "पैसा काय तुज्या एकटीच्या खात्यात येतोय व्हय, कमळे? आमच्याबी येतोय. पर आमी अजून मान्सं इकत घेत न्हाई." एकेकीनं त्याच ताटात पैसे ठेवले आणि बायका गेल्या. एरवी लावणीहून परतताना आमच्या बायका गात, नवऱ्यांची टिंगल करत यायच्या. त्या दिवशी त्या पायवाटेनं मुकाट खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी कुणीही आलं नाही. आप्पा कामावर गेलेले. पावसाळ्यात बंगल्यावर पाहुण्यांची रीघ, सुट्टी मिळणं मुश्कील. रोपाच्या जुड्या पाण्यात पडलेल्या. उपटलेलं रोप किती थांबणार? पिवळं पडतं, मग कुजतं, आणि रोप गेलं की वर्षाचा तांदूळ गेला. आई बांधावर बराच वेळ वाट बघत उभी राहिली. मग तिनं कासोटा घातला, आणि खाचरात उतरली.

"आये, न्हाई उतरायचं! बाई काय म्हनल्या?"

"मग काय खाशील वरीसभर? दवाखान्याचा कागुद?"

मीही उतरले. दोघी लावायला लागलो. ओळ अर्धीही झाली नव्हती, की आई ओणव्यानंच थांबली, एक हात चिखलात टेकला आणि दुसरा पोटाखाली. चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, "काय न्हाई, काय न्हाई, तू लाव." पुन्हा वाकली. त्या वाकण्यानं माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि मी तशीच चिखलाच्या पायांनी पळाले. शपथ मोडलेलं माणूस मरतं म्हणतात. मी आता आजी झाले, आणि आईसुद्धा नातसून बघून गेली. शपथेचं काय घेऊन बसलात!

सोना मावशी ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं मान वळवली. मी अंगणातूनच ओरडले, "आईचं अंग बाहेर येतंय! तिचं आप्रेशन हाय! तिला लावायला बंदी केलीया, आन ती एकटी लावतीया, तुमी कुनी आला न्हाईत म्हनून! मरंल माजी आई!" आणि मग मला रडू फुटलं. आसपासच्या दोन घरांतल्या बायका दारात आल्या. जी गोष्ट आईनं माझ्या वयाएवढी लपवली, ती मी साऱ्या आळीला ऐकवली होती.

मावशी उठली नाही. सूप मांडीवर तसंच. मग इतक्या हळू आवाजात म्हणाली की ही तीच बाई का, असं वाटावं, "माजंबी येतंय."

मला आधी कळलंच नाही.

"धाकट्याच्या येळंपासनं. फडकं बांदती मी. घट." दारातल्या एका काकूनं पदर तोंडाला लावला आणि ती खाली बसली. तिचंही उत्तर मला कळलं. मी पोरगी होते, पण त्या वेळी कळलं ते आजवर विसरले नाही: वर्षानुवर्षं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून वाकणाऱ्या बायका, आणि एकीलाही दुसरीचं ठाऊक नव्हतं.

मग मावशीनं सूप बाजूला ठेवलं आणि हवालदार परत आली. "चला गं! पदर खोचा!" बायका निघाल्या. मावशीनं आईला खाचरातून दंडाला धरून वर काढलं, बांधावर बसवलं आणि सगळ्यांदेखत चिखलाच्या हातानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "त्वांड दिलंय न्हवं देवानं? त्वांडानं सांगायचं सोडून पैसं वाटतीस व्हय गं?" आई रडायला लागली. रडता रडता म्हणत होती, "तुमची पाळी फिटायची न्हाई मावशी, माज्याच्यानं फिटायची न्हाई." "फिटंल," मावशी म्हणाली, "तू नीट हो आदी." उन्हं कलायच्या आत खालचं खाचर लावून झालं.

त्या संध्याकाळी आईनं आप्पांना सगळं सांगितलं. मी पलीकडच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेतलं होतं. आप्पांचा आवाज मला आजही ऐकू येतो, रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. "मला का न्हाई सांगितलंस? मी पैसं दिलं नसतं व्हय?"

"दिलं असतं. पर आदी इचारलं असतं, कशाला."

आई पुढं म्हणाली, "इतकी वरसं त्येचं उत्तर द्येता आलं न्हाई मला. ह्या पैशाला कुनी इचारत न्हाई. म्हनून गेले."

आमच्या घराला त्या पैशानं काय दिलं, ते एवढंच. पैसा फार नव्हता. ऑपरेशन तर सरकारी दवाखान्यात फुकटच होणार होतं. पण दवाखान्याच्या दारापर्यंत जायला जो शब्द आडवा येत होता, तो त्या पैशानं बाजूला केला. मोठमोठी माणसं म्हणतात, फुकटच्या पैशानं माणसं आळशी होतात. म्हणोत बापडी. त्यांच्यापैकी एकालाही फडकं बांधून लावणी करावी लागली नाही.

आप्पांनी मालकाला न विचारता खाडे केले, पगार कापून घेतला आणि आईच्या जागी इर्जिकीला उभे राहिले. बायकांच्या ओळीत एकटा पुरुष! काय छळलं त्यांना बायकांनी! "भाऊ, ओळ वाकडी चालली! बंगल्याची फुलं न्हाईत ती!" "भाऊ, कंबर धरली का? कमळीला इचारा, तिला सवय हाय!" आप्पा ओणव्यानंच हसायचे, पण तिसऱ्या घराच्या पाळीला रात्री त्यांना आडवं होता येईना. मी पाठीला तेल चोळत होते. उशीत तोंड खुपसून ते म्हणाले, "सुमे, ही अशी वाकत असंल व्हय गं दर साली?" मी हातावर आणखी तेल घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी सही करायला आप्पा आले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले, कारण दुसऱ्या दिवशी सोना मावशीच्या खाचरात पाळी होती. आणि खुद्द मावशी? ती आमच्याबरोबर दवाखान्यात. आपल्या खाचराची लावणी सोडून ती दुसऱ्या बाईच्या उशाशी बसली, हे वाडीत कुणाला खरं वाटलं नसतं. जाताना माझं तिकीट तिनं काढलं, स्वतःच्या पैशानं, आणि खिडकीवरच्या माणसाला मोठ्यानं सांगितलं, "माजं पैसं हायती, माज्या खात्यातलं." त्यानं काही विचारलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या सकाळी आई उशीला टेकून चहा प्यायली. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, आईला तपासलं, ठीक आहे म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं वळल्या. सोना मावशी उभी राहिली. जिच्या आवाजानं आमची अख्खी वाडी हलायची, तिला बाईंना हाक मारता येईना. तिनं नुसता त्यांच्या बाहीला हात लावला. "माजंबी बगा," ती म्हणाली.

बाई तिला पडद्याआड घेऊन गेल्या. आई आणि मी पडद्याकडं बघत राहिलो. मग बाईंचा आवाज आला, थोडा चढलेला, पण रागाचा नव्हे. "अहो मावशी, किती वर्षांचं आहे हे! इतकी वर्षं आला का नाहीत?"

मावशीला त्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं.

"दर साली लावनी असायची," ती म्हणाली.